न सुटणाऱ्या थरांचा इतिहास : टूथपेस्टची ट्यूब, वासिंद ते नालागढ

चंडीगडहून पिंजोरमार्गे निघाले की शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी प्रथम बद्दी लागते आणि तेथून पुढे नालागढ. हिमाचल प्रदेशातील हा औद्योगिक पट्टा औषधनिर्मितीसाठी सर्वपरिचित आहे. दात घासण्याची पेस्ट आणि ती ज्यात भरली जाते ती ट्यूब, या दोन्ही वस्तूही येथेच तयार होतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. बद्दीत 2005 पासून कोलगेट-पामोलिव्हचा टूथपेस्टचा कारखाना आहे. नालागढला ‘ईपीएल लिमिटेड’ या कंपनीचा ट्यूब बनवण्याचा कारखाना आहे.

‘ईपीएल’ हे नाव सामान्य ग्राहकाला अनोळखी वाटेल, कारण ते कोणत्याही ट्यूबवर ठळक अक्षरांत छापलेले नसते. हीच पूर्वीची ‘एस्सेल प्रोपॅक’. तिचे नोंदणीकृत कार्यालय आजही ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, वासिंद येथे आहे. कंपनीच्या स्वतःच्या माहितीनुसार ती जगभरातील कारखान्यांतून वर्षाला सुमारे 8 अब्ज ट्यूब तयार करते. एका ट्यूबचे वजन सरासरी 5 ग्रॅम इतके कमी धरले, तरी हा माल वर्षाला 40,000 टनांवर जातो. यातील प्रत्येक ट्यूब काही आठवड्यांत रिकामी होते आणि कचऱ्यात पडते.

या ट्यूबचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेत दडलेले आहे, आणि ती रचना पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून घडली आहे. म्हणून आधी तो इतिहास पाहू.

चित्रकाराची गरज

दाबली की आतला पदार्थ बाहेर येईल आणि दाब काढल्यावर बाहेरची हवा आत शिरणार नाही, अशी नळी प्रथम दातांसाठी नव्हे, तर रंगांसाठी बनली. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी 1841 मध्ये कथिलाच्या घडी घेणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. तिला टाचणीने भोक पाडून रंग काढावा लागे आणि उरलेला रंग हवेने घट्ट होई. कथिलाच्या नळीमुळे रंग टिकू लागले आणि चित्रकाराला आपली सामग्री घेऊन उघड्यावर बसणे सोपे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकलेमागे या क्षुल्लक नळीचाही हात होता, असे कलेचे इतिहासकार मानतात.

दंतवैद्यकात ही नळी आणखी पन्नास वर्षांनी आली. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील दंतवैद्य वॉशिंग्टन शेफील्ड यांनी 1892 मध्ये आपली पेस्ट नळीत भरून विकली. कोलगेट कंपनी 1873 पासून बरणीतून पेस्ट विकत होती, ती 1896 मध्ये नळीकडे वळली. एकाच बरणीत घरातल्या सर्वांनी ब्रश बुडवण्याची पद्धत त्यामुळे मागे पडली.

कथील मऊ असते, सहज दुमडते आणि पेस्टशी फारशी रासायनिक क्रिया करत नाही. मात्र ते महाग असते आणि मोजक्याच प्रदेशांत सापडते. दुसऱ्या महायुद्धात मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले, तसा अमेरिकेचा कथिलाचा पुरवठा तुटला. 1942 मध्ये तेथील सरकारने नियम केला की नवी ट्यूब हवी असेल तर जुनी रिकामी ट्यूब दुकानात परत द्यावी लागेल. रिकाम्या ट्यूबला परतीचा मार्ग असणे शक्य आहे, हे इतिहासात एकदा सिद्ध झाले ते असे, युद्धाच्या सक्तीने. तेव्हा ट्यूब एकाच धातूची होती आणि वितळवली की तो धातू परत मिळत होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ॲल्युमिनियमची अडचण

युद्धानंतर कथिलाची जागा ॲल्युमिनियमने घेतली. भारतातही एका संपूर्ण पिढीने हीच ट्यूब वापरली. राखुंडी, मिश्री आणि दंतमंजनाकडून पेस्टकडे वळलेल्या मराठी घरांत ती खालून गुंडाळत नेणे हा काटकसरीचा नित्याचा भाग होता.

ॲल्युमिनियम हवेत टिकते, कारण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर आपोआप तयार होतो. मात्र तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली या दोहोंतही तो विरघळतो. खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, भुकटी असलेली पेस्ट किंचित अल्कधर्मी असते. त्यात पुढे फ्लोराइडची भर पडली. म्हणून नळीच्या आतून लाखेसारखा लेप द्यावा लागे. नळी वारंवार दुमडली की लेपाला आणि धातूलाही चिरा पडत आणि पेस्ट घडीतून बाहेर येई. शिवाय अशा एका मोठ्या ट्यूबला पाच-सहा ग्रॅम ॲल्युमिनियम लागे. भिंतीची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर धरून हे गणित कोणीही करू शकेल.

मलमांसाठी मात्र ॲल्युमिनियमची ट्यूब आजही वापरात आहे. दाबल्यावर ती दाबलेलीच राहते, हवा परत आत ओढत नाही, हा तिचा गुण औषधासाठी मोलाचा ठरतो. हा गुण या कथेत पुढे पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे.

पाच थरांचा तोडगा

1970 च्या सुमारास अमेरिकन कॅन कंपनीने ‘ग्लॅमिनेट’ या नावाने वेगळ्या प्रकारची ट्यूब बाजारात आणली. तिच्यामागची कल्पना अशी की एका पदार्थाकडून सगळी कामे करून घेण्याऐवजी ती वाटून द्यावीत. बाहेर पॉलिथिनचा थर, त्यावर छपाई. मध्ये ॲल्युमिनियमची अत्यंत पातळ पत्री, साधारण 12 ते 40 मायक्रॉनची. आत पुन्हा पॉलिथिन, म्हणजे पेस्ट धातूला स्पर्श करत नाही. धातू आणि पॉलिथिन एकमेकांना स्वभावतः चिकटत नाहीत, म्हणून पत्रीच्या दोन्ही बाजूंना चिकट बहुवारिकाचा एकेक थर. असे किमान पाच थर मिळून सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा होतो. त्यालाच लॅमिनेट म्हणतात.

या रचनेत पत्रीला दोन कामे आहेत. पहिले काम पहाऱ्याचे. पुदिन्याचा वास देणारे रेणू साध्या पॉलिथिनमधून हळूहळू बाहेर झिरपतात आणि हवेतील ऑक्सिजन आत शिरतो. धातूची अखंड पत्री दोघांनाही अडवते. दुसरे काम जोडणीचे, आणि ते कमी परिचित आहे. लॅमिनेटची लांब पट्टी गोल वळवून तिच्या कडा एकमेकींवर आणल्या जातात आणि उच्च वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र लावले जाते. त्यामुळे पत्रीत विद्युत प्रवाहाचे भोवरे निर्माण होऊन ती तापते आणि शेजारचे पॉलिथिन वितळून शिवण जुळते. तत्त्व घरच्या इंडक्शन शेगडीचेच. म्हणजे ट्यूबमधील धातू हाच तिला सांधणारा तापकही होता.

शिवण झालेली नळी मापात कापली जाते. तिच्या एका टोकाला प्लास्टिकचा खांदा आणि टोपण बसते, दुसरे टोक उघडे ठेवून ती पेस्टच्या कारखान्यात जाते. तेथे ती उलटी धरून भरतात आणि शेवटी ते टोक तापवून, दाबून बंद करतात.

या तोडग्याने धातूचा वापर एका ट्यूबमागे पाच-सहा ग्रॅमवरून अर्ध्या-एका ग्रॅमवर आला. गळती थांबली आणि ट्यूब देखणी झाली. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तो निःसंशय विजय होता. पण त्याची अट एकच होती : हे थर कधीही सुटता कामा नयेत.

वासिंदहून जगाकडे

भारतात हे तंत्र आणले ते एस्सेल पॅकेजिंग या कंपनीने. 1982 मध्ये तिची स्थापना झाली. संस्थापक सुभाष चंद्र हे हरियाणातील हिसार जिल्ह्याच्या आदमपूर मंडीतले, धान्यव्यापाऱ्यांच्या घराण्यातले. पुढे 1992 मध्ये त्यांनीच झी वाहिनी सुरू केली. ट्यूबचा व्यवसाय मात्र त्यांचे बंधू अशोक गोयल यांनी वाढवला. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावरील वासिंद हे या व्यवसायाचे मूळ ठाणे. पुढे वाडा आणि गोवा येथेही कारखाने झाले.

1990 च्या दशकात कंपनी इजिप्त आणि चीनमध्ये पोहोचली. 2000 मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोपॅक समूहाचा ट्यूब-व्यवसाय तिच्यात आला आणि त्यावरूनच ‘एस्सेल प्रोपॅक’ हे नाव पडले. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथेही कारखाना उभा राहिला. 2019 मध्ये गोयल कुटुंबाने बहुसंख्य हिस्सा ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेला विकला आणि 2020 मध्ये कंपनीचे नाव ‘ईपीएल’ झाले.

एका कंपनीने इतक्या देशांत कारखाने का काढावेत? उत्तर साध्या घनफळात आहे. 38 मिलिमीटर व्यासाच्या आणि 160 मिलिमीटर लांबीच्या रिकाम्या ट्यूबने सुमारे 180 घन सेंटिमीटर जागा व्यापलेली असते आणि टोपणासह तिचे वजन जेमतेम 8 ते 10 ग्रॅम भरते. ती दूरवर नेणे म्हणजे मालवाहू गाडीतून हवा वाहून नेणे. म्हणून जेथे पेस्ट भरली जाते, तेथेच ट्यूब बनवणे परवडते. ट्यूबवाला पेस्टवाल्याच्या मागोमाग जातो.

नालागढचा जन्मही याच हिशेबातून समजतो. जानेवारी 2003 मध्ये केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडासाठी खास औद्योगिक सवलती जाहीर केल्या. नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्कातून पूर्ण सूट मिळाली. मैदानी प्रदेशाला आणि चंडीगडला लागून असलेल्या बद्दी-बरोटीवाला-नालागढ पट्ट्यात त्यानंतर कारखान्यांची रीघ लागली. पेस्ट आली, साबण आले, औषधे आली, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची वेष्टने बनवणारेही आले.

गुणाचा दोष होतो

एखादी वस्तू पुन्हा वापरात आणायची, तर तिच्यातील पदार्थ वेगळे करता आले पाहिजेत. काच वितळते, ॲल्युमिनियमचा डबा वितळतो, दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन पुन्हा दाण्यांच्या रूपात येते. लॅमिनेटची ट्यूब मात्र वितळवावी तर धातूचे तुकडे प्लास्टिकची प्रत बिघडवतात आणि जाळून धातू काढावा तर प्लास्टिक नाहीसे होते.

ती इतर कचऱ्यातून निवडणेही कठीण. पुनर्चक्रणाच्या कारखान्यात प्लास्टिक पाण्यात टाकून तरंगणारे आणि बुडणारे असे वेगळे करतात. पॉलिथिनची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून ते तरंगते. आता 275 मायक्रॉन जाडीच्या लॅमिनेटमध्ये 12 मायक्रॉनची पत्री धरा. ॲल्युमिनियमची घनता 2.7 आणि पॉलिथिनची सुमारे 0.93. सरासरी काढली तर ती जवळजवळ बरोबर 1.0 येते. म्हणजे हे तुकडे धड तरंगत नाहीत, धड बुडत नाहीत. पत्री थोडी जाड असेल तर बुडतात, आणि मग बुडणाऱ्या इतर प्लास्टिकांत मिसळतात.

भारतीय कायद्याने ही अडचण 2016 मध्येच ओळखली होती. त्या वर्षीच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्चक्रण न होणारे बहुस्तरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले. ती मुदत संपली त्या 2018 सालीच नियमात दुरुस्ती झाली : ज्याचे पुनर्चक्रण होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा कोणताच उपयोग नाही, एवढेच प्लास्टिक आता बंदीच्या कक्षेत राहिले. जवळपास प्रत्येक प्लास्टिक जळते आणि जळताना उष्णता देते. त्यामुळे मूळ नियमाची धार एका वाक्यात गेली.

फेब्रुवारी 2022 मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनी वेष्टनांचे गट पाडले. केवळ प्लास्टिकचे लवचीक वेष्टन, मग त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे कितीही थर असोत, दुसऱ्या गटात. प्लास्टिकबरोबर धातूसारखा वेगळा पदार्थ असेल तर तिसऱ्या गटात. दोन्ही गटांसाठी पुनर्चक्रणाचे किमान प्रमाण 2024-25 मधील 30 टक्क्यांवरून 2027-28 पर्यंत 60 टक्क्यांवर न्यायचे आहे. ॲल्युमिनियमच्या पत्रीची ट्यूब तिसऱ्या गटात मोडते, आणि पुनर्चक्रणाची अट तिलाच सर्वांत अवघड जाते.

पत्री वगळल्यावर

यावर उद्योगाने शोधलेला मार्ग म्हणजे पत्री काढून टाकणे. पहाऱ्याचे काम एथिलीन व्हिनाइल अल्कोहोल या बहुवारिकाकडे गेले. जपानच्या कुरारे कंपनीने ते 1972 मध्ये व्यापारी स्वरूपात आणले होते. ऑक्सिजन अडवण्यात ते साध्या पॉलिथिनपेक्षा हजारो पटींनी सरस असते. दमट झाले की मात्र त्याची ही शक्ती घटते, म्हणून त्याला पॉलिथिनच्या दोन थरांमध्ये झाकून ठेवावे लागते. त्याचा थर काही टक्क्यांपुरताच मर्यादित ठेवला, तर उरलेल्या पॉलिथिनबरोबर ते वितळवता येते. अशी ट्यूब पाण्यात तरंगते आणि प्लास्टिकच्या बाटल्यांच्या ओघात मिसळू शकते.

2019 मध्ये कोलगेटने आपली उच्च घनतेच्या पॉलिथिनची ट्यूब जाहीर केली. हे प्लास्टिक बाटलीसाठी उत्तम, पण ट्यूबसाठी ताठर. म्हणून त्याच्या वेगवेगळ्या प्रतींचे थर एकत्र करून मऊपणा साधावा लागला. त्याच सुमारास एस्सेल प्रोपॅकची ‘प्लॅटिना’ ही ट्यूबही आली. दोन्हींना अमेरिकेतील प्लास्टिक पुनर्चक्रकांच्या संघटनेची मान्यता मिळाली. युनिलिव्हरनेही आपल्या टूथपेस्टसाठी अशाच ट्यूबकडे वळण्याची घोषणा 2021 मध्ये केली. तिच्या पहिल्या बाजारपेठांत फ्रान्सबरोबर भारत होता.

पत्री गेल्यावर दोन गोष्टी बदलल्या. शिवणीसाठी ट्यूबमध्ये धातू उरला नाही, म्हणून बाहेरून तापवलेल्या पट्ट्यांनी कडा जोडाव्या लागतात. दुसरी गोष्ट ग्राहकाच्या हाताला जाणवते : ट्यूब दाबून सोडली की पूर्ववत फुगते. धातू वाकला की वाकलेला राहतो, पॉलिथिनला आपला मूळ आकार आठवतो. ट्यूब-अभियंते हा दोष मानतात.

कचरा निवडणाऱ्याचा हात

चंडीगडने 2 ऑक्टोबर 2008 पासून पॉलिथिनच्या पिशव्यांवर बंदी आणली. त्याच वर्षी दड्डूमाजरा येथे कचऱ्यापासून इंधन बनवणारा प्रकल्प सुरू झाला, आणि 2020 मध्ये महानगरपालिकेने तो ताब्यात घेतला. दड्डूमाजऱ्याच्या कचऱ्याच्या डोंगराचा प्रश्न या शहराच्या राजकारणात वर्षानुवर्षे गाजतो आहे. ज्याने टाकाऊ बांगड्या आणि फुटक्या चिनी मातीतून रॉक गार्डन उभे केले, त्या नेकचंदांचे हे शहर. तेथेही लॅमिनेटच्या ट्यूबला आजवर सोयीची वाट एकच राहिली आहे, ती म्हणजे ढिगाची किंवा भट्टीची.

नव्या ट्यूबने ही वाट बदलेल का? शास्त्र म्हणते, बदलू शकेल. पण भारतात निवडीचे बहुतेक काम अवरक्त किरणांची यंत्रे करत नाहीत, माणसांचे हात करतात. कचरावेचक आणि कबाडी प्लास्टिक ओळखतात ते स्पर्शाने, आवाजाने, जळताना येणाऱ्या वासाने. एक किलो भरायला शंभराहून अधिक ट्यूब वेचाव्या लागतात आणि प्रत्येकीत पेस्ट उरलेली असते. जुनी आणि नवी ट्यूब बाहेरून सारखीच दिसते. ओळख पटली नाही, तर चांगली ट्यूबही वाईट ट्यूबच्या भावाने, म्हणजे शून्य भावाने, जाते. 1 जुलै 2025 पासून वेष्टनाची माहिती क्यूआर कोडद्वारे देण्याची सोय नियमांत आहे. तिचा उपयोग कागदपत्रांना होईल. कचऱ्याच्या गाडीमागे उभ्या असलेल्या बाईला तो कोड वाचायला सवड नसते.

येथे अभियंत्यांनी दोष मानलेला गुण उपयोगी पडतो. ट्यूब घडी घालून सोडली आणि ती तशीच राहिली, तर आत धातू आहे. उसळून उघडली, तर बहुधा ती निव्वळ प्लास्टिकची आहे. पत्री फार पातळ असेल तर हा फरक थोडा पुसट होतो, तेव्हा कात्री लावावी : आतली बाजू चांदीसारखी चमकली तर धातू, पांढरी दिसली तर प्लास्टिक. ही परीक्षा कोणत्याही यंत्राविना, क्षणात होते. ती निवडकेंद्रांवर शिकवणे आणि निव्वळ प्लास्टिकच्या ट्यूबला दुधाच्या पिशवीसारखा भाव मिळवून देणे, हे ट्यूब बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांच्या कायदेशीर जबाबदारीत सहज बसू शकते. कारखाना चंडीगडपासून दोन तासांच्या अंतरावर आहे. तेथून निघालेल्या ट्यूबला परत आणण्याचा पहिला प्रयोग याच शहरात करायला अंतराची सबब देता येणार नाही.

वाचकांच्या हातीही एक काम आहे. आज संपलेली ट्यूब टाकण्यापूर्वी ती कापून पाहावी, आत पांढरी असेल तर धुऊन सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी, आणि आपल्या भागातला भंगारवाला ती घेतो का, हे विचारून येथे जरूर नोंदवावे. पुणे, नाशिक, नागपूर, चंडीगड, कोठूनही उत्तर आले तरी ते उपयोगाचे आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #प्लास्टिक #चंडीगड